चेंबरचं झाकण एकदा उघडून बघा : ठाण्यातल्या सोसायट्यांच्या कमिट्यांना खुलं पत्र

ठाणे शहरातल्या सर्व सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांब आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंत तर खाली चार जोडलेले हात येतील आणि वाचणार कोणीच नाही. जमलं तर छापून घ्या आणि पुढच्या कमिटी मीटिंगला चहा येण्याच्या आधी वाचा. चहासोबत नको, विषय संडासाचा आहे.

मी पाचपाखाडीतल्या एका जुन्या इमारतीची सचिव. तळमजला धरून चार मजले, ३२ फ्लॅट, १९८६ चं बांधकाम. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाले तेव्हा 'बाई, तुम्हाला आता वेळच वेळ' असं म्हणून सगळ्यांनी मला सचिव केलं. सोसायटीत सचिव असेच होतात, हे तुम्हाला सांगायला नको.

चार वर्षांपूर्वी गौरीजेवणाच्या दिवशी आमच्या तळमजल्यावरच्या आजींच्या मोरीतून पाणी वर आलं. पाणी म्हणजे काय ते समजून घ्या. सोवळ्यातला स्वयंपाक, दारात पाहुणे आणि मोरीत ते. आजी रडल्या नाहीत. त्यांनी फक्त दार लावून घेतलं आणि मला फोन केला. त्या दिवशी खाली जमलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलत होता : "पण आपलं तर ड्रेनेज कनेक्शन झालंय ना?"

झालं होतं. फाइलमध्ये पावती होती, रस्ता खोदाईचे पैसे भरल्याची नोंद होती, आधीच्या कमिटीचा ठराव होता. मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारणाची ओळ तर दर वर्षी असतेच. पण ती ओळ तुमच्या भागात सोय आहे एवढंच सांगते. तुमच्या घरातला मैला त्या सोयीपर्यंत पोचतो की नाही, हे बिलाला कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी प्लंबरकाकांना बोलावलं. चाळीस वर्षं हाच धंदा, परवानाधारक. ते आले आणि म्हणाले, "बाई, कागद ठेवा. झाकणं उघडू." त्या दिवशी आम्हाला तीन गोष्टी सापडल्या. जोडणी म्हणून जो पाइप रस्त्याकडे गेला होता तो सेप्टिक टँकच्या बाहेरच्या तोंडातून काढलेला होता. टँक होता तिथेच, भरलेला, मैला आधी त्यात साचून मग पुढे जात होता. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचे दोन पाइप कोणीतरी सोयीचं म्हणून मैल्याच्या चेंबरमध्ये सोडले होते. आणि रस्त्याच्या आधीचं आमचं शेवटचं चेंबर पेव्हर ब्लॉकखाली गाडलेलं होतं, त्यावर एक वॅगनआर उभी. म्हणजे तुंबलं तर सळी घालायची कुठून, हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता.

हे सगळं सांगते आहे कारण त्यानंतर ओळखीच्या सहा-सात इमारतींची झाकणं मी हौसेने उघडायला लावली. एक-दोन सोडल्या तर प्रत्येक ठिकाणी यातलं काहीतरी निघालंच. रस्त्यावरच्या वाहिनीला पाइप टेकला की जोडणी झाली, असं आपण सगळे धरून चाललो आहोत.

आता नियम. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, ज्याला जुनी माणसं अजून बीपीएमसी कायदा म्हणतात, त्यात नाल्या आणि मलप्रवाहावर वेगळं प्रकरणच आहे. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही, तरी चष्मा लावून वाचलं. मालकाला किंवा राहणाऱ्याला आपलं सांडपाणी महापालिकेच्या वाहिनीत सोडण्याचा हक्क आहे, पण लेखी अर्ज करून आणि घातलेल्या अटी पाळूनच. परवानगीशिवाय परस्पर केलेली जोडणी आयुक्त बंद करू शकतात. उलट बाजूनेही आहे : ज्या इमारतीचं सांडपाणी नीट वाहून जात नाही तिला वाहिनी बांधून जोडायला ते भाग पाडू शकतात. मैल्याची वाहिनी वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी, असंही कायद्यात आहे. आणि ज्या गोष्टीवर आमच्या सभेत सर्वांत मोठा आवाज झाला ती अशी, की जी वाहिनी फक्त तुमच्याच इमारतीसाठी आहे ती तुमची. तिची देखभाल तुमच्या खर्चाने. ही जबाबदारी कुंपणाच्या भिंतीशी संपत नाही. "गेटच्या बाहेरचं महापालिका बघेल" हे वाक्य मी स्वतः दोनदा म्हटलेलं आहे, म्हणून कोणाला हसत नाही.

पावसाच्या पाण्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण इथे लोक म्हणतात, "पाणीच तर आहे, वाहिनी धुऊन निघेल." आमच्या प्लंबरकाकांनाही हे पटवायला मला फळा लागला असता. हिशोब बघा. माणशी रोज १३५ लिटर पाणी हे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं प्रमाण. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत जातं असं धरतात. ३२ घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे १६० माणसं. रोजचं पाणी २१,६०० लिटर, सांडपाणी सुमारे १७,३०० लिटर. हा अख्ख्या दिवसाचा, अख्ख्या इमारतीचा मैला, आंघोळी, भांडी, कपडे. आता आमची गच्ची. ४०० चौरस मीटर. जुलैमध्ये एखाद्या तासात ५० मिलिमीटर पाऊस पडणं ठाण्यात काही नवलाचं नाही. ४०० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर म्हणजे २०,००० लिटर. दिवसभरात ३२ घरं जेवढं सोडतात त्याहून जास्त पाणी एका तासात त्याच सहा इंची पाइपात. पाइप बिचारा काय करील? उलटा येईल.

आणि आपण एकटे नसतो. गल्लीतल्या दहा इमारतींनी हेच केलं की रस्त्यावरची वाहिनी भरते, पंपिंग स्टेशनला झेपत नाही, मैला आणि पाऊस एकत्र होऊन नाल्यात उतरतो आणि नाला खाडीत. ज्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे जगात महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला तीच ही. ऐरोलीला जाऊन आपण बोटीतून फ्लेमिंगोंचे फोटो काढतो, आणि आपल्याच गच्चीचा पाइप चुकीच्या चेंबरमध्ये असतो. मी स्वतः दोन वेगवेगळ्या वर्षी तसे फोटो काढले आहेत. दोन्ही वर्षी पाइप चुकीच्याच चेंबरमध्ये होता.

दुरुस्ती सोपी होती. दोन्ही पाइप चेंबरमधून काढून पावसाळी गटाराकडे वळवले. मधल्या एका टप्प्यावर आता एक टाकी करून ते पाणी जमिनीत मुरवण्याचा विचार चालू आहे, पण खजिनदारांचं मन वळायचं आहे.

सेप्टिक टँकचं मात्र सोपं नव्हतं. आमच्याकडे एक गट म्हणत होता, "राहू द्या ना, बॅकअप आहे." वीज गेल्यावर इन्व्हर्टर असतो तसा मैल्याला बॅकअप नसतो. ज्या काळात रस्त्यात मलवाहिनी नव्हती त्या काळात टँक हवाच होता. ठाणे महानगरपालिका १९८२ साली झाली आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या ठाण्यातल्या इमारती टँकवरच चालल्या. टँकमधून वर आलेलं पाणी सरळ गटारात जायचं, ते कोणाला गैर वाटत नसे. पण वाहिनी आली, जोडणी घेतली, की मधला टँक निव्वळ अडथळा. मैला त्यात दिवस-दोन दिवस कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतो, गाळ साचून तोंड बुजतं आणि दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. उपसायला माणूस उतरवण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि मला खरी भीती तिची वाटते.

२०१९ च्या मे महिन्यात आपल्याच ढोकाळीत एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत तीन सफाई कामगार गुदमरून गेले. ते आठवतं का कोणाला? हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँक आणि गटार यांत सुरक्षेची साधनं न देता माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा फक्त महापालिकेला किंवा ठेकेदाराला लागू आहे असं नाही. सोसायटीने बोलावलं असेल तर सोसायटीलाही लागू. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. "पाचशे रुपये जास्त देतो, जरा आत उतरून बघ" असं म्हणणाऱ्या प्रत्येक खजिनदाराने हा आकडा पाठ करावा. आकडा नंतर. आधी त्या माणसाच्या घरचं दार आठवावं.

आम्ही टँक असा बंद केला. आधी बाजूने नवा पाइप टाकून मैला टँकला वळसा घालून थेट पुढच्या चेंबरमध्ये वळवला. मग सक्शन टँकरने वरूनच उपसा केला. चुना टाकला, तळाला बाहेरून यंत्राने भोकं पाडली म्हणजे पावसाचं पाणी आत साठून राहणार नाही, आणि डबर-मुरूम भरून वर कोबा केला. सगळ्या कामात एकही माणूस आत उतरणार नाही ही अट कंत्राटात लिहून घेतली होती आणि मी खुर्ची टाकून समोर बसले होते. ठेकेदाराला माझी कटकट वाटली असेल. शाळेत चाळीस मुलांना वाटायची.

टँक भरताना एक प्रश्न हमखास येईल : वळसा घालून टाकलेल्या पाइपला ढाळ पुरेल का? कारण टँकमध्ये मैला वरून आत पडत असतो, तिथे ढाळाची काळजी नसते. थेट पाइप आला की ढाळ लागतोच. प्लंबरकाकांचं जुनं सूत्र मला फार आवडलं. पाइप जितक्या इंचांचा, त्याच्या दहापट लांबीत एक एकक उतार. चार इंची पाइपला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक. आमच्या मागच्या विंगपासून रस्त्याचं अंतर ३६ मीटर. सहा इंची पाइप, साठात एक, म्हणजे ६० सेंटिमीटर खाली उतरायला हवं. मागच्या वेळी घातलेल्या पाइपाला सगळ्या लांबीत मिळून जेमतेम वीतभर ढाळ होता. हे आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून मोजलं, गवंडी लेव्हल बघतात तसं. मला समोच्च रेषा शिकवल्याचा इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. कमी ढाळाने घन मैला मागे राहतो, साचतो, आणि मग एक दिवस गौरी येतात.

रस्त्याकडच्या टोकाचंही बघा. पाइप रस्त्यातल्या वाहिनीला मध्येच भोक पाडून घुसवायचा नसतो, तो मॅनहोलमध्ये यायला हवा. पाइप मॅनहोलच्या तळापेक्षा ६० सेंटिमीटरहून जास्त उंचीवर येत असेल तर पाणी उभ्या पाइपातून खाली सोडतात, नाहीतर आतल्या आत धबधबा होऊन विटांची भिंत खचते. तुमच्या आवारात प्रत्येक वळणावर चेंबर हवं, प्रत्येक चेंबरचं झाकण उघडता यायला हवं. कोणाच्याही पार्किंगचा हक्क त्यावर नाही. वॅगनआरवाल्या काकांशी माझं आठ महिने बोलणं बंद होतं. आता सुरू आहे. त्यांना दुसरी जागा दिली.

तळमजल्यावाल्यांची एक गोष्ट मला तोपर्यंत कळली नव्हती. वाहिनी तुंबली की पाणी सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून वर येतं. आपल्याकडे रस्ते दर काही वर्षांनी थरावर थर चढून उंच होत जातात आणि जुन्या इमारती तिथल्या तिथे. मॅनहोलचं झाकण आज आजींच्या मोरीपेक्षा उंचावर आहे. म्हणजे रस्त्यावर मैला दिसण्याच्या कितीतरी आधी तो आजींच्या घरात दिसणार. वरच्या मजल्यावरचे जेव्हा सभेत म्हणतात "आमच्याकडे कधी तुंबत नाही, आम्ही का द्यायचे पैसे?" तेव्हा त्यांना एवढंच सांगा की आजींच्या मोरीतून आलेलं त्यांचंच होतं. आदर्श उपविधींप्रमाणेही ड्रेनेजच्या सामाईक वाहिन्या आणि सेप्टिक टँक यांची दुरुस्ती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायची आहे. आम्ही शेवटच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा वॉल्व्ह बसवला. तो वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि दिवाळीनंतर, उघडून साफ करावा लागतो. केला नाही तर तोच तुंबतो. हे नोटीस बोर्डावर तारखेसकट लावलं आहे.

परवानगीची प्रक्रिया विचाराल तर ती मला वाटली होती तितकी वाईट नव्हती. आमचा अर्ज दोनदा परत आला आणि दोन्ही वेळा चूक आमची होती : पहिल्यांदा आम्ही जोडलेल्या नकाशात चेंबरांची खोलीच लिहिली नव्हती, दुसऱ्यांदा पावसाच्या पाण्याची वेगळी वाट दाखवली नव्हती. परवानाधारक प्लंबरची सही, मंजूर नकाशा, मालमत्ता कराची पावती, आणि वाहिनीचा छेद, ज्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढाळ दिसतो. हे नीट दिलं की अर्धं काम झालं. एक मात्र आधी बघा. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ता खोदाई थांबते. म्हणून दिवाळी संपली की अर्ज करा. मार्चअखेर केलात तर पुढच्या हिवाळ्याची वाट बघत बसाल.

ज्यांची इमारत पुनर्विकासाला चालली आहे त्यांना एकच विनंती. नव्या इमारतीत ३२ चे ७० फ्लॅट होणार असतील तर जुनी जोडणी तशीच ठेवून चालणार नाही. विकासकाशी करारनामा करताना कार्पेट एरियावर तासभर भांडता, दहा मिनिटं ड्रेनेजच्या नकाशासाठी ठेवा. भोगवटा प्रमाणपत्र घेताना त्या नकाशाची प्रत सोसायटीच्या नावाने मागून घ्या.

घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांचा विषय वेगळा आहे. २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी लागते आणि सांडपाण्याचं स्वतःचं केंद्र ही तिची नेहमीची अट असते. तिथे वाहिनीला जोडायचं ते प्रक्रिया करून उरलेलं पाणी. रात्री वीज वाचवायला केंद्र बंद करून मैला तसाच बाहेर सोडायचा, असं कुठे कुठे चालतं अशी कुजबुज ऐकते. तुमच्याकडे चालत नसेल, पण बाहेर जाणाऱ्या शेवटच्या चेंबरचं झाकण पहाटे साडेपाचला एकदा उघडून बघा. नाक सांगेल.

माझी धाकटी बहीण नेरुळला राहते. तिला सेप्टिक टँक म्हणजे काय ते माहीतच नाही. सिडकोने तिकडे आधी जमिनीखालच्या वाहिन्या टाकल्या आणि मग भूखंड विकले, आणि आज नेरुळच्या प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज १० कोटी लिटरची आहे. ती मला हिणवते, "ताई, तुमचं ठाणं म्हणजे ना..." मी तिला म्हणते, आधी तुमच्या सोसायटीच्या गच्चीचा पाइप कुठे उतरतो ते सांग. गेले दोन आठवडे उत्तर आलेलं नाही.

आता एवढं करा. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता कमिटीतले तिघे, प्लंबर आणि एक टॉर्च. मागच्या विंगपासून निघा, प्रत्येक चेंबर उघडा, वरून एक बादली निळीचं पाणी ओता आणि ते पुढच्या चेंबरमध्ये कधी दिसतं ते घड्याळावर बघा. मग गच्चीवर जाऊन पावसाच्या प्रत्येक पाइपात एक-एक बादली ओता. निळं पाणी मैल्याच्या चेंबरमध्ये दिसलं तर तुमचीही गच्ची आमच्यासारखीच. सगळं एका कागदावर काढा : चेंबर कुठे, किती खोल, पाइप किती इंची. भूमिती यावी लागत नाही. हा कागद सचिवाच्या कपाटात राहू नये, तीन जणांकडे असावा, कारण सचिव बदलतात.

आमचा काढलेला कागद नमुन्याला हवा असेल तर शनिवारी संध्याकाळी सहानंतर या, झेरॉक्स देईन. झाकण उचलायचे दोन लोखंडी हुक आमच्या वॉचमनच्या केबिनमध्ये आहेत. वहीत सही करून न्या आणि परत आणून द्या. आधीची जोडी गेल्या पावसाळ्यात कोणीतरी नेली ती अजून यायची आहे.

आपली,
पाचपाखाडीतल्या एका सोसायटीची सचिव
ठाणे